संगणक आले, शिक्षक कुठे आहे?

बोनकोडे हे नवी मुंबईतले जुने गाव. आज त्याला गाव म्हणायचे ते केवळ सवयीने, कारण कोपरखैरण्याच्या सेक्टरांनी त्याला चहूबाजूंनी वेढून टाकले आहे. येथून जवळच घणसोलीला रिलायन्सचे कॉर्पोरेट पार्क आहे, महापेला मिलेनियम बिझनेस पार्क आहे, ऐरोलीला माइंडस्पेस आहे. ठाणे-बेलापूर पट्ट्यातले जुने रासायनिक कारखाने बंद पडत गेले आणि त्यांच्या जागी काचेच्या इमारती व डेटा सेंटर उभी राहिली. संगणक युगाची राजधानी म्हणून या पट्ट्याकडे बोट दाखवले जाते.

याच पट्ट्याच्या कुशीत महापालिकेच्या शाळा आहेत. त्या शाळांत कोण शिकते? माथाडी कामगाराची मुले शिकतात. नाक्यावर उभे राहणाऱ्या मजुराची, धुणीभांडी करणाऱ्या बाईची, कंत्राटी सफाई कामगाराची मुले शिकतात. १९७२ च्या दुष्काळात मराठवाडा सोडून येथील दगडखाणींवर आलेल्या बौद्ध, मातंग, भटक्या कुटुंबांची नातवंडे शिकतात. आणि ज्यांच्या भातशेतीवर, मिठागरांवर हे शहर उभे राहिले त्या आगरी-कोळ्यांपैकी ज्यांच्या हाती काही उरले नाही त्यांचीही मुले तेथेच शिकतात. सिडकोने १९७० नंतर ९५ गावांची जमीन घेतली. त्या जमिनीच्या दामासाठी जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात पाच शेतकऱ्यांनी गोळ्या झेलल्या. त्या लढ्यातून साडेबारा टक्के भूखंडाचा हक्क पदरात पडला. परंतु जमीन घेणाऱ्या व्यवस्थेने त्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या ज्ञानात या मुलांचा किती टक्के वाटा ठेवला, हा प्रश्न कोणी विचारलाच नाही. आज या मुलांच्या आईबापांचा काचेच्या इमारतींशी असलेला संबंध झाडू, पहारा आणि कॅन्टीन एवढाच आहे. पुढच्या पिढीचाही संबंध तेवढाच राहणार काय?

हा प्रश्न आज तातडीचा झाला आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये माध्यमिकपूर्व टप्प्यापासून कोडिंग शिकवण्याची भाषा आली. त्यानंतर ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने २०२६-२७ पासून तिसरीच्या वर्गापासून कृत्रिम बुद्धिमत्ता आणि संगणकीय विचारपद्धती शिकवण्याचे जाहीर केले. घोषणा चांगली आहे. परंतु घोषणेतून अभ्यासक्रम येतो, शिक्षक येत नाही. खासगी शाळेत हा विषय दुसऱ्याच दिवशी सुरू होईल, कारण तेथे संगणक शिक्षक आधीपासून पगारावर आहे. पालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत तो कोण शिकवणार?

सरकार आकडे दाखवते. २०२४-२५ च्या यू-डायस प्लस अहवालानुसार देशातील ६४.७ टक्के शाळांत संगणकाची आणि ६३.५ टक्के शाळांत इंटरनेटची सोय आहे. आदल्या वर्षी हेच आकडे ५७.२ आणि ५३.९ टक्के होते. वाढ झाली, हे मान्य. पण हा आकडा यंत्रांचा आहे. शाळेत संगणक आहे एवढेच तो सांगतो. त्या संगणकासमोर मुलाला आठवड्यातून किती तास बसायला मिळते, आणि त्याच्या शेजारी उभे राहून शिकवणारा माणूस आहे की नाही, हे त्यातून कळत नाही. यंत्र खरेदी करता येते, त्याचे टेंडर निघते, फीत कापता येते, फोटो निघतो. शिक्षक मात्र दर महिन्याला पगार मागतो. म्हणूनच आपल्याकडे चाळीस वर्षे यंत्रे येत राहिली आणि शिक्षकाची जागा रिकामी राहिली.

हा इतिहास थोडा तपासून पाहू. १९८४ मध्ये केंद्र सरकारने 'क्लास' नावाचा प्रकल्प सुरू केला आणि ब्रिटिश बनावटीचे बीबीसी मायक्रो संगणक सुरुवातीला देशातील सुमारे २५० शाळांत बसवले. पुढे डिसेंबर २००४ मध्ये केंद्राची आयसीटी योजना आली. महाराष्ट्रात तीन टप्प्यांत मिळून सुमारे ८ हजार शाळा या योजनेखाली आल्या. राबवण्याची पद्धत कोणती? तर 'बूट'. म्हणजे खासगी कंपनीने शाळेत प्रयोगशाळा उभारायची, पाच वर्षे स्वतःच्या मालकीने चालवायची आणि मग शाळेच्या ताब्यात देऊन निघून जायचे. शिकवणारा माणूसही कंपनीचाच. शाळेच्या हजेरीपटावर त्याचे नाव नाही, सेवापुस्तक नाही, निवृत्तिवेतन नाही. तुटपुंजे मानधन, तेही वेळेवर नाही, म्हणून हे संगणक शिक्षक आझाद मैदानावर येऊन बसत होते. करार संपला तेव्हा शिक्षक घरी गेला आणि यंत्रे शाळेत राहिली. शिकवणारा गेल्यावर यंत्राची धूळ कोण झटकणार?

येथे आंबेडकरी चळवळीच्या कार्यकर्त्याने थांबून विचार केला पाहिजे. हा केवळ शिक्षणाच्या दर्जाचा मामला नाही, हा आरक्षणाचा मामला आहे. शाळेत मंजूर पद असते तेव्हा त्याला बिंदुनामावली लागू होते. अनुसूचित जाती, जमाती, भटके विमुक्त, इतर मागासवर्ग यांच्या जागा ठरतात, जाहिरात निघते, अनुशेष मोजता येतो, कोर्टात जाता येते. तेच पद कंपनीकडे दिले की बिंदुनामावली आपोआप बाद होते. संगणक शास्त्रात पदवी घेतलेले आपले हजारो तरुण-तरुणी आज बेकार आहेत किंवा कुठल्याशा दुकानात डेटा भरत बसले आहेत. प्रत्येक शाळेत संगणक शिक्षकाचे पद निर्माण झाले असते तर यातील कितीतरी जण आपल्याच वस्तीतल्या मुलांना शिकवत असते. एका कराराने दोन पिढ्यांचा हक्क मारला, शिकणाऱ्याचा आणि शिकवणाऱ्याचाही. २०२३ मध्ये नऊ खासगी संस्थांमार्फत सरकारी भरती करण्याचा निर्णय जनक्षोभामुळे राज्य सरकारला मागे घ्यावा लागला. त्या वेळी रस्त्यावर उतरलेल्यांनी हे ध्यानात ठेवावे की शाळेच्या संगणक खोलीत हाच प्रयोग त्याआधी कितीतरी वर्षे झाला होता आणि त्याविरुद्ध फारसा आवाज उठला नव्हता.

कायद्यातही फट आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून अधिक मुले असतील तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक असावेत असे लिहिले आहे. ग्रंथालय आणि मैदान आहे. संगणक शिक्षक मात्र नाही. ज्या गोष्टीचा कायद्यात उल्लेख नाही ती संचमान्यतेत येत नाही, आणि जी संचमान्यतेत येत नाही तिला पगार नाही. मग ती गोष्ट दानावर चालते. कुठल्या कंपनीने जुने संगणक दिले, कुठल्या ट्रस्टने एक खोली रंगवली, असा कारभार सुरू होतो. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्याने शाळा दत्तक देण्याची योजनाच मंजूर केली. दान देणाऱ्याचे आभार मानावेत, परंतु दान हे देणाऱ्याच्या मर्जीवर असते. पुढच्या वर्षी त्याची मर्जी फिरली तर मुलाने कोणाकडे दाद मागायची? ज्या समाजाने शतकानुशतके दुसऱ्याच्या मर्जीवर पाणी प्याले, त्या समाजाला हक्क आणि दान यांतला फरक समजावून सांगायची गरज नाही.

शाळेने जे शिकवले नाही ते आपल्या मुलांना बाजारातून विकत घ्यावे लागले. २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले आणि पाठोपाठ एमएस-सीआयटी आली. सरकारी नोकरीसाठी ती किंवा तिच्या तोडीची परीक्षा आवश्यक ठरली. दहा वर्षे सरकारी शाळेत काढलेल्या मुलाने शाळा संपल्यावर खासगी केंद्रात काही हजार रुपये भरून माऊस धरायला शिकायचे, हा उलटा न्याय आहे. सरकारला संगणक येणारा कर्मचारी हवा असेल तर सरकारी शाळेनेच तो घडवला पाहिजे. अकरावी-बारावीलाही अनेक महाविद्यालयांत माहिती तंत्रज्ञान हा विषय विनाअनुदानित असतो, त्याची फी वेगळी पडते. आणि मागासवर्गीय विद्यार्थ्याला शिष्यवृत्ती मिळवायची तर महाडीबीटीच्या संकेतस्थळावर अर्ज भरावा लागतो. त्यासाठी तो सायबर कॅफेवाल्याच्या दारात पैसे मोजून उभा राहतो. आपल्या हक्काचा अर्ज दुसऱ्याच्या हाताने भरून घेणे ही आजची निरक्षरता आहे. पूर्वी बाप तलाठ्याकडे अंगठा देत होता, आज मुलगा ओटीपी देतो.

या अवस्थेचे मूळ जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे मांडले होते. कर रयत भरते आणि तो पैसा वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो. वरून खाली विद्या झिरपेल हे सरकारचे म्हणणे खोटे ठरले आहे, असा त्यांच्या निवेदनाचा रोख होता. आजही आयआयटीत, मोठ्या कंपन्यांत संगणकाचे ज्ञान साठले की ते आपोआप झोपडपट्टीपर्यंत झिरपेल, असेच आपल्याला सांगितले जाते. ते झिरपलेले नाही. झिरपला तो मोबाईल, म्हणजे वापरण्याची वस्तू. बनवण्याची विद्या वरच अडकली. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशातील अवघ्या १०.७ टक्के घरांत संगणक आढळला. ज्याच्या घरी संगणक नाही त्याच्यासाठी शाळा हीच एकमेव जागा उरते. छत्रपती शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, तेव्हा त्यांनी विद्या झिरपण्याची वाट पाहिली नाही. बाबासाहेबांनी १२ मार्च १९२७ रोजी मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना हाच आग्रह धरला होता, की शिक्षण प्रत्येकाच्या आवाक्यात आले पाहिजे आणि त्या खात्याकडे नफ्या-तोट्याच्या नजरेने पाहता कामा नये.

मग हे शक्य आहे काय? केरळाने ते करून दाखवले आहे. तेथे २००१ मध्ये 'आयटी अॅट स्कूल' प्रकल्प सुरू झाला. लवकरच माहिती तंत्रज्ञान हा दहावीच्या परीक्षेचा विषय झाला, त्याची प्रात्यक्षिक परीक्षा सुरू झाली. तेथे काम कंपनीच्या हवाली केले नाही. शाळेतल्याच शिक्षकांना प्रशिक्षण दिले, त्यांच्यातूनच प्रशिक्षक तयार केले. विकत घ्याव्या लागणाऱ्या सॉफ्टवेअरऐवजी मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारले, त्यामुळे परवान्यावरचा खर्च वाचला. पाठ्यपुस्तके मल्याळममध्ये काढली. २०१७ मध्ये 'काइट' ही सरकारी कंपनी स्थापन करून सारा कारभार सरकारच्या हाती ठेवला आणि २०१८ पासून 'लिटल काइट्स' नावाने विद्यार्थ्यांचे संगणक मंडळ शाळाशाळांत सुरू केले. केरळातही सारे आलबेल नाही. जून २०२० मध्ये टाळेबंदीत ऑनलाइन वर्ग सुरू झाले तेव्हा मलप्पुरम जिल्ह्यातील एका दलित मजुराच्या मुलीने आपले जीवन संपवले. घरचा टीव्ही बंद होता, स्मार्टफोन नव्हता. शाळा कितीही सुधारली तरी जातीने आणि गरिबीने पाडलेली दरी एकट्या शाळेने भरत नाही, हे त्या मुलीने प्राण देऊन सांगितले. पण शाळाच नसेल तर ती दरी भरण्याची सुरुवातही होत नाही.

काही जण म्हणतील, पालिकेच्या मुलांना धड वाचता येत नाही, त्यांना संगणक कशाला? हा युक्तिवाद जुना आहे. अस्पृश्यांना आधी स्वच्छता शिकवा, शाळा नंतर, असे म्हणणारे पूर्वीही होते. वाचन आणि संगणक यांत भांडण नाही, दोन्ही शिकवायला शिक्षक लागतो. दुसरे म्हणतील, आता कृत्रिम बुद्धिमत्ताच प्रोग्राम लिहिते, मग कोडिंग शिकून काय उपयोग? उद्या नोकरीचा अर्ज, कर्जाचा अर्ज, रेशनची यादी यंत्र चाळणार असेल, तर ते यंत्र कोणत्या नियमाने चाळते हे कळणारी माणसे आपल्यात हवीत. मनुस्मृतीचे नियम निदान वाचता येत होते, म्हणून १९२७ मध्ये महाडला त्यांचे दहन करता आले. यंत्राच्या पोटातले नियम वाचताच आले नाहीत तर त्यांविरुद्ध लढणार कसे?

नवी मुंबईला पैशाची सबब सांगता येणार नाही. या महापालिकेचे २०२४-२५ चे अंदाजपत्रक सुमारे ४,९५० कोटी रुपयांचे होते. प्राथमिक शिक्षण हे महापालिका अधिनियमानुसार तिचे बंधनकारक कर्तव्य आहे. सीबीएसई शाळा काढण्याची हिंमत तिने दाखवली आहे, तर आपल्या मराठी शाळेत संगणक शिक्षक नेमण्याची हिंमतही तिने दाखवावी. २०२० पासून पालिकेत प्रशासक होता, विचारायचे कोणाला हा प्रश्न होता. १५ जानेवारी २०२६ च्या मतदानानंतर आता नगरसेवक आहेत. त्यांच्यापुढे बोनकोड्यापासून दिघ्यापर्यंतच्या कार्यकर्त्यांनी मोजक्या मागण्या ठेवाव्यात. प्रत्येक पालिका शाळेत संगणक शिक्षकाचे मंजूर, कायम पद निर्माण करावे, त्यासाठी राज्याकडे ठराव पाठवावा. ती पदे बिंदुनामावलीप्रमाणे भरावीत. वेळापत्रकात संगणकाचे तास लिहावेत आणि ते तास प्रत्यक्षात होतात की नाही याचा हिशेब दर सत्राला शाळा व्यवस्थापन समितीपुढे मांडावा. समितीत पालकांचे बहुमत असते, हे आपले पालक विसरतात.

ऐरोलीच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्मारकात ग्रंथालय आहे, वस्त्यावस्त्यांत बुद्धविहारे आहेत. तेथे शिकलेल्या तरुणांनी रविवारी संगणकाचे वर्ग घ्यावेत, जयंतीच्या डीजेवर जाणाऱ्या पैशातून चार संगणक घ्यावेत, हे आपले कर्तव्य आहे. मात्र आपण आपले कर्तव्य करतो म्हणून पालिकेला तिचे कर्तव्य माफ होत नाही. विहारातला वर्ग ही समाजाची मेहनत आहे, शाळेतला शिक्षक हा संविधानाने दिलेला हक्क आहे. मेहनत करावी आणि हक्क सोडू नये.

तेव्हा यापुढे पालिका शाळेत संगणक कक्षाच्या उद्घाटनाचे निमंत्रण आले तर जरूर जावे. फीत कापून झाली की एकच प्रश्न उभा राहून विचारावा: शिक्षकाचे पद मंजूर झाले काय?

जयभीम!