कसरीपेक्षा गोळी वाईट

थंडी सुरू झाली की आपल्या नेवाशात घरोघरी ट्रंका उघडल्या जातात. स्वेटर, शाली, कानटोप्या बाहेर निघतात आणि त्यांच्याबरोबर डांबरगोळ्यांचा उग्र वासही.

गेल्या हिवाळ्यात एक आजी आपल्या दोन वर्षांच्या नातवाला घेऊन दवाखान्यात आल्या. कपाटाच्या तळाशी सापडलेली डांबरगोळी त्याने पेपरमिंट समजून चोखली होती. "विष उतरावं म्हणून लगेच कपभर दूध पाजलं," असे त्या म्हणाल्या. हेतू चांगला, पण उपाय उलटा. गोळीतील नॅफ्थॅलीन स्निग्ध पदार्थात विरघळते. दूध, तूप वा तेल दिल्यास ते शरीरात अधिक शोषले जाते. तिसऱ्या दिवशी मुलाची लघवी काळ्या चहासारखी झाली आणि त्याला रक्त द्यावे लागले. सुदैवाने मूल वाचले.

नॅफ्थॅलीन रक्तातील तांबड्या पेशी फोडते. ज्यांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी हे विकर जन्मतः कमी असते, त्यांना हा धोका फार मोठा असतो. आणि हा दोष आहे हे बहुतेकांना ठाऊकही नसते. ट्रंकेतील झबली-दुपटी न धुता, ऊन न देता तान्ह्या बाळाला घातल्याने कावीळ वाढल्याची उदाहरणे वैद्यकशास्त्रात नोंदलेली आहेत. युरोपीय संघाने 2008 साली या गोळ्यांची विक्री बंद केली. आपल्याकडे मात्र त्या किराणा दुकानात सुट्या मिळतात.

दुसरे विष धान्याच्या कोठीत असते. गहू-ज्वारीत पाखरे झाली की काहीजण ॲल्युमिनियम फॉस्फाईडची गोळी आणून टाकतात. हवेतील ओलाव्याने तीतून फॉस्फीन वायू निघतो. तीन ग्रॅमच्या एका गोळीतून सुमारे एक ग्रॅम. या विषावर उतारा नाही. कोठीशेजारी झोपलेल्या माणसांचा त्याने जीव जाऊ शकतो. सरकारी नियमाप्रमाणे हे औषध अधिकृत कीडनियंत्रकांनीच तज्ज्ञांच्या देखरेखीखाली वापरायचे असते. ते राहत्या घरात वापरण्याची वस्तूच नव्हे.

मग पाखरांचे करायचे काय? प्रथम हे ध्यानात घ्यावे की, कपड्यांवरचे पाखरू स्वतः कापड खात नाही. त्याने घातलेल्या अंड्यांतून निघालेली अळी लोकर आणि रेशीम खाते. घाम वा अन्नाचे डाग असलेला कपडा तिला विशेष आवडतो. म्हणून लोकरीचे कपडे धुऊन, कडक उन्हात वाळवून, झटकून घट्ट पिशवीत ठेवावेत. पैठणीला मात्र थेट ऊन नको. ती सावलीत हवेवर पसरावी, हलक्या हाताने झटकावी आणि स्वच्छ सुती कापडात गुंडाळावी. कपाटाचे कोपरे व फटी दर दोन महिन्यांनी झाडून काढाव्यात.

धान्य उन्हाळ्यात दाताखाली कट्ट वाजेपर्यंत वाळवावे, पूर्ण गार होऊ द्यावे आणि मगच घट्ट झाकणाच्या कोरड्या कोठीत भरावे. जुने धान्य नव्यात मिसळू नये. सावलीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला घालावा. गव्हाला एरंडेल चोळण्याची आपल्या आजीची रीतही चांगली आहे. रवा-मैदा थोडा आणावा आणि फ्रीज असल्यास त्यात ठेवावा.

डांबरगोळीऐवजी कापूर ठेवू म्हणणाऱ्यांनीही जपावे. कापूर पोटात गेल्यास लहान मुलांना झटके येतात.

मुलाने गोळी गिळल्यास दूध देऊ नये, घशात बोटे घालून उलटी करवू नये. पाकीट असल्यास ते सोबत घेऊन तडक दवाखाना गाठावा. मूल बरे दिसले तरी चार-पाच दिवस लघवीच्या रंगावर आणि डोळ्यांच्या पिवळेपणावर लक्ष ठेवावे.

आमच्या दुकानदार बंधूंना विनंती आहे की, त्यांनी डांबरगोळ्या सुट्या विकू नयेत आणि धान्याच्या विषारी गोळ्या घरगुती वापरासाठी कोणालाही देऊ नयेत. कसरीने स्वेटरला भोक पडले तर ते रफू करता येते. लेकराच्या रक्ताला रफू नाही.