गोचीड लागला, आता काय करायचे?



थंडी ओसरली की आमच्याकडे येणाऱ्या प्रश्नांचे वळण बदलते. हीटिंगचे बिल आणि मुलांचे सर्दी-पडसे मागे पडते आणि कुत्रा पाळलेल्या घरांतून विचारणा सुरू होते, "अहो, याच्या कानामागे गोचीड निघालाय. सासूबाई म्हणतात रॉकेल लावा. लावू का?" आपल्यापैकी बऱ्याच घरी आता कुत्रा आहे. मुलांच्या हट्टाने आलेला आणि भर पावसात आई-बाबांनी फिरवायचा! म्हणून या अंकातले सदर त्याच्यासाठी.

आपण गोचीड पाहिले ते गावाकडे, गाईच्या कासेजवळ किंवा गल्लीतल्या कुत्र्याच्या कानात. किळस यायची, पण काढायची घाई कुणाला नसे. इथे मात्र गोचीड दिसला की त्याच क्षणी काढायचा. रविवार असो, पाहुणे बसलेले असोत, टिअरआर्त्स्टची वेळ उद्याची असो, थांबायचे नाही. कारण इथल्या त्सेकेपासून होणाऱ्या काही आजारांत तो किती तास चिकटून राहिला, यालाच महत्त्व आहे.

बोरेलिओसिसचेच घ्या. हा जंतू विली बुर्गडोर्फर या शास्त्रज्ञाला १९८१ साली गोचिडात सापडला. तो गोचिडाच्या आतड्यात असतो. रक्त पिणे सुरू झाल्यावर तो लाळेपर्यंत पोचायला बरेच तास जातात. पहिल्या बारा तासांत धोका कमी, चोवीस तासांनंतर वाढत जातो. म्हणजे संध्याकाळी फिरून आल्यावर पाच मिनिटे कुत्रा तपासला, तर अर्धी लढाई तिथेच जिंकली.

इथे तीन प्रकारचे गोचीड ओळखून ठेवावेत. पहिला होल्त्सबॉक. सगळ्यांत जास्त भेटणारा हाच. हवा साधारण ७ अंशांच्या वर गेली की हा हिंडू लागतो. झाडावरून अंगावर पडतो हा समज इथल्या लोकांतही आहे, पण तो खरा नाही. तो गवतावर आणि खुरट्या झुडपांवर पुढचे पाय पसरून बसतो आणि जवळून जाणाऱ्याला धरतो. त्याचे पिल्लू खसखशीएवढे असते, तेव्हा नजरेपेक्षा बोटांवर विश्वास ठेवावा. दुसरा आउवाल्डत्सेके. हा मोठा, पाठीवर नक्षी असलेला. याला थंडीचे वावडे नाही, त्यामुळे "आता हिवाळा, आता काळजी नाही" असे म्हणता येत नाही. बाबेसिओसिस हा कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडणारा आजार यानेच येतो. तिसरा ब्राउने हुंडेत्सेके, म्हणजे भारतातल्या कुत्र्यांवरचा आपला जुना ओळखीचा. इथल्या थंडीत तो बाहेर सहसा तगत नाही. पण इटली-स्पेनच्या सुट्टीतून कुत्र्याबरोबर आला, तर गरम घरात भिंतींच्या फटींत संसार थाटतो. एक मादी हजारोंनी अंडी घालते. भिंतीवर गोचीड चढताना दिसले तर झाडूने भागणार नाही, कामरयेगरलाच बोलवावे.

आता काढायचा कसा, ते क्रमाने :

१. आपोथेकेत त्सेकेनत्सांगे मिळते, किंवा बारीक टोकाचा चिमटा घ्यावा. आम्ही तो दारापाशी गळपट्ट्याच्या शेजारीच टांगून ठेवतो.

२. डोके, कानांच्या आत-बाहेर, मान, गळपट्ट्याखाली, काखा, जांघा आणि पायांची बोटे या जागा रोज चाचपाव्यात. गाठ लागली तर केस बाजूला करून आधी पाय दिसतात का ते पाहावे. चामखीळ किंवा कुत्र्याचे स्तनाग्र गोचीड समजून ओढले, तर बिचाऱ्याचे हाल होतात.

३. गोचिडाला त्वचेच्या अगदी लगत धरावे. फुगलेले पोट दाबू नये. मग सरळ, सावकाश, न हिसकता ओढावे.

४. तोंडाचा बारीक काळा तुकडा आत राहिला तर सुईने कोरत बसू नये. तो बहुधा आपोआप बाहेर पडतो. जागेला जंतुनाशक लावावे आणि कॅलेंडरवर तारीख लिहून ठेवावी.

५. गोचीड नखाने फोडू नये, टॉयलेटमध्येही सोडू नये, पाण्यात तो बराच काळ जगतो. घडी केलेल्या कागदात ठेवून काचेच्या ग्लासाने चिरडावा.

आता रॉकेलचा प्रश्न. रॉकेल, तेल, कापूर, नेलपॉलिश, पेटती काडी, चिकटलेल्या गोचिडावर यातले काहीही नको. तो गुदमरला की पोटातले जंतू लाळेवाटे आत सोडण्याची भीती असते. शिवाय वेळ जातो तो वेगळाच. खोबरेल तेलाची मात्र गंमत आहे. आपण डोक्याला लावतो ते तेल इथले कुत्रेवाले कुत्र्याला चोळतात! त्यातले लॉरिक आम्ल गोचिडाला आवडत नाही हे खरे, पण परिणाम थोड्या तासांचा. जंगलात फिरायला तेवढे पुरत नाही. आणि गोचीड पळावेत म्हणून लसूण खाऊ घालायचा सल्ला कुणी दिला तर साफ नाही म्हणा. कांदा आणि लसूण दोन्ही कुत्र्याला विषारी आहेत.

खात्रीचे औषध टिअरआर्त्स्टला विचारून घ्यावे. मानेवर टाकायचे थेंब, औषधी पट्टा आणि गोळ्या असे तीन मार्ग आहेत. गोळीचे औषध रक्तातून काम करते, म्हणजे गोचीड चावल्यावर मरतो. गोळी देऊनही गोचीड दिसला, तर औषध वाया गेले असे समजू नये. कुत्र्याला फिट येत असतील तर गोळीआधी ते डॉक्टरांना जरूर सांगावे. घरात मांजर असेल तर विशेष जपावे. कुत्र्यांच्या थेंबांत पुष्कळदा पेर्मेथ्रिन असते आणि ते मांजराच्या जिवावर बेतते. भारतातून बॅगेत आणलेली औषधे तर नकोतच. कोली जातीच्या अनेक कुत्र्यांना आयव्हरमेक्टिन सोसत नाही.

गोचीड काढून झाला, तरी पुढचे काही आठवडे कुत्र्याकडे लक्ष असू द्यावे. अंग तापले, खाणे सुटले, लघवी लालसर किंवा कॉफीसारखी झाली, हिरड्या पांढुरक्या पडल्या, तर बाबेसिओसिसची शंका घ्यावी आणि त्याच दिवशी, रात्र असेल तर नोटडीन्स्टला फोन करून, कुत्र्याला न्यावे. यात दोन दिवस वाट पाहणे म्हणजे कुत्रा गमावण्याची तयारी. बोरेलिओसिसचे लंगडणे मात्र कित्येक आठवड्यांनी, कधी महिन्यांनीही दिसते. तेव्हा कॅलेंडरवरची ती तारीख डॉक्टरांच्या उपयोगी पडते.

आता घरातल्या माणसांविषयी. कुत्रा आपल्याला हे आजार थेट देत नाही, पण अजून न चिकटलेला गोचीड त्याच्या केसांतून सोफ्यावर आणि तिथून नातवाच्या मानेवर येऊ शकतो. माणसांना एफएसएमई नावाचा मेंदूचा ज्वर गोचिडामुळे होतो. त्याचा विषाणू लाळेतच असतो, म्हणून चटकन काढणेही इथे पुरत नाही. इथे लसच हवी. बायर्न आणि बाडेन-व्युर्टेंबर्गचा जवळजवळ सगळा भाग धोक्याचा मानला जातो, शिवाय हेसनचा दक्षिण भाग, थ्युरिंगेन, झाक्सन आणि इतरही काही जिल्हे. रोबर्ट कोख इन्स्टिट्यूट दरवर्षी नकाशा काढते. लसीची तीन इंजेक्शने असतात, पहिला बूस्टर तीन वर्षांनी. धोक्याच्या भागात राहणाऱ्यांचा खर्च सरकारी क्रांकेनकासे देते. बोरेलिओसिसवर मात्र माणसांसाठी लस अजून मिळत नाही. चाव्याभोवती लाल कडे पसरत गेले तर लगेच हाउसआर्त्स्टकडे जावे, वेळेवर अँटिबायोटिकने गुण येतो.

भारतातून आलेले आई-वडील उन्हाळ्यात हौसेने कुत्रा फिरवायला नेतात. त्यांना हे सांगताना माकडतापाचे नाव घ्या, पटकन पटेल. १९५७ साली शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात माकडे मरू लागली, तेव्हा पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरने, म्हणजे आजच्या एनआयव्हीने, त्याचा विषाणू शोधला. २०१६ मध्ये तो आपल्या सिंधुदुर्गात, दोडामार्गला पोचला. तो विषाणू आणि इथला एफएसएमई एकाच कुळातले, आणि दोघांचे वाहन गोचीडच. आजींना लांब बाह्यांचे कपडे, मोजे आणि पायवाट सोडून गवतात न शिरण्याची विनंती, एवढे केले तरी पुष्कळ झाले.

तेव्हा मंडळी, उन्हाळाभर खुशाल फिरा. कुत्र्याला कोंडून ठेवू नका आणि दिवाणखान्यातून हद्दपारही करू नका. फक्त घरी आल्यावर आपले बूट काढण्याआधी त्याचे कान पाहा.

पुढच्या अंकात : भारतात सुट्टीला जाताना कुत्र्याला कुठे ठेवायचे? आपले अनुभव महिनाअखेरपर्यंत मंडळाच्या पत्त्यावर जरूर पाठवावेत.

कळावे, लोभ असावा.