शेरव्याच्या पातेल्यातील अर्थकारण

नांदेड-लातूरकडे ज्याला ‘मोठ्याचे मटण’ म्हणतात, त्या मांसाचा भरपूर कांदा घालून केलेला शेरवा हा मुळात गरिबाघरचा पदार्थ. दख्खनी बोलणाऱ्या मुसलमान कुटुंबांत तो जसा शिजतो, तसाच तो मराठवाड्याच्या दलित वस्त्यांतही पिढ्यान्‌पिढ्या शिजत आला. पांढरपेशा पाकशास्त्राच्या पुस्तकांत मात्र त्याला पाटावर बसण्याचा मान मिळाला नाही. शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकाने मराठवाड्यातील दलितांच्या स्वयंपाकाची सविस्तर नोंद केली, ती २०१५ साली. योगायोग असा, की त्याच वर्षीच्या मार्चमध्ये राज्यात बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. पदार्थ ग्रंथात आला आणि त्यातील एक जिन्नस त्याच वर्षी पातेल्यातून गेला. आज हा शेरवा होतो तो म्हशीच्या किंवा हल्याच्या मांसाचा.

या पदार्थाची कृती पाहिली तर तिच्यामागचा काटकसरीचा हिशेब स्पष्ट दिसतो. अर्धा किलो मांस घ्यावयाचे ते हाडासकट, नळीचे; म्हणजे जे स्वस्त मिळते ते. तितकाच कांदा उभा चिरून थोड्या तेलात मंद आचेवर अर्धा तास परतावयाचा. घाई केली तर कांदा करपतो. धीर धरला तर त्यातील साखर तांबूस होऊन रश्श्याला गोडी आणि रंग देते. मग आले-लसूण, हळद आणि मांस घालून दीड-दोन लिटर पाणी ओतावयाचे आणि वर येणारा फेस काढीत अडीच-तीन तास ते उकळू द्यावयाचे. राठ मांसातील चिवट तंतू मंद उष्णतेने विरघळतात आणि रस्सा अंगचाच दाट होतो. शेवटी मीठ आणि चमचाभर येसर घातला, की पाच-सहा माणसांची ज्वारीची भाकरी त्यात कुस्करून पोटभर होते. पॅरिसच्या जुन्या मंडईतील हमालही कांद्याच्या सूपात वाळका पाव बुडवून याच तऱ्हेने भूक भागवीत. जेथे पैसा कमी तेथे वेळ आणि विस्तव खर्ची पडतो, हा नियम सर्वत्र सारखाच आहे.

हे मांस राठ असे, कारण ते उमेदीतल्या जनावराचे नसे. दहा-बारा वर्षे नांगर आणि गाडी ओढून थकलेला बैल हा मराठवाड्यातील कोरडवाहू शेतीचा शेवटचा अवशेष होय. लाल कंधारी आणि देवणी या नामांकित जाती याच दोन जिल्ह्यांच्या. माळेगावच्या खंडोबाची यात्रा आणि उदगीर तालुक्यातील हाळी-हंडरगुळीचा बाजार येथे शेतकरी जुना बैल विकून, पदरची थोडी रक्कम घालून नवे गोऱ्हे घेत असे. हिशेबाच्या भाषेत सांगावयाचे तर बैल हे यंत्र आणि त्याची अखेरची किंमत हाच शेतकऱ्याचा घसारा निधी. त्या निधीचे दुसरे टोक शेरव्याच्या पातेल्यात होते.

१९७६ च्या महाराष्ट्र प्राणी रक्षण अधिनियमाने गायीला संरक्षण दिले होते. कामास निरुपयोगी ठरलेल्या बैलाच्या कत्तलीस मात्र दाखला घेऊन परवानगी होती. त्यामागे एक विचार होता. उपयोग संपलेल्या बैलांवर सरसकट बंदी घालणे वाजवी नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५८ साली म्हटले होते. पुढे २००५ साली सात न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने ही भूमिका बदलली. म्हाताऱ्या जनावराचे शेणही उपयोगी असते, हा त्यातील एक प्रमुख मुद्दा होता. २०१५ च्या दुरुस्तीने महाराष्ट्रात बैलाच्या कत्तलीस पाच वर्षांपर्यंतची कैद ठेवली. मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही बंदी वैध ठरविली; परराज्यात कत्तल झालेल्या जनावराचे मांस बाळगणे हा गुन्हा मानणारे कलम मात्र रद्द केले.

गोवंशाविषयी समाजातील मोठ्या वर्गाच्या भावना प्रामाणिक आहेत, आणि लोकशाहीत भावनांना कायद्याचे रूप मिळू शकते, हे मान्यच केले पाहिजे. प्रश्न एवढाच, की त्या भावनेचे बिल कोणी भरावयाचे? शासनाने सप्टेंबर २०२४ मध्ये गोशाळांतील देशी गायींसाठी दर जनावरामागे दररोज ५० रुपये अनुदान जाहीर केले. याचा अर्थ, निरुपयोगी जनावर पोसण्यास किमान एवढा खर्च येतो, हे शासनानेच मान्य केले. वर्षाचे होतात १८ हजार २५० रुपये. बैलजोडीचे ३६ हजार ५००. ही रक्कम गोशाळेला मिळते. ज्या अल्पभूधारकाच्या दावणीला म्हातारी जोडी उभी आहे, त्याने ती स्वतःच्या खिशातून काढावी, अशी कायद्याची अपेक्षा दिसते.

या अपेक्षेची कसोटी लगेचच लागली. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले. जेथे माणसांना पाणी नाही, तेथे जनावराला कोठून मिळणार? पूर्वीच्या दुष्काळात शेतकरी जनावर विकून घर सावरीत असे. या वेळी विकावयास जनावर होते, पण घेणारा नव्हता. २०२५ च्या पावसाळ्यात, वाटेत होणारी अडवणूक आणि मारहाण यांना कंटाळून कुरेशी समाजाने राज्यभर जनावरांची खरेदीच थांबविली, तेव्हा कायद्याने मुभा असलेल्या म्हशींच्या व्यवहारालाही त्याचा फटका बसला. बाजारात ग्राहक नाहीसा झाला, की मालाची मालकीही नावापुरतीच उरते.

बंदीने गोधन वाढले, असेही दिसत नाही. २०१२ च्या पशुगणनेत राज्यात सुमारे १ कोटी ५५ लाख गोवंशीय जनावरे होती; २०१९ मध्ये ती सुमारे १ कोटी ४० लाखांवर आली. याचे सारे खापर कायद्यावर फोडणे अन्यायाचे होईल. ट्रॅक्टर आला, चारा महागला, गायरानेही आटली. परंतु ज्या जनावराची अखेरची किंमत शून्य होते, ते पाळण्याचा उत्साह टिकत नाही, हेही खरे.

याच पातेल्यातील दुसऱ्या जिनसाची, कांद्याची, कहाणी फारशी वेगळी नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसले, डिसेंबरात निर्यातच बंद झाली आणि ती मे २०२४ पर्यंत बंद राहिली. तेथे कारण शहरी ग्राहकाचे होते, येथे श्रद्धेचे आहे; पण दोन्हीकडे मनाईचा हुकूम काढणारा वेगळा आणि तोटा सोसणारा वेगळा. मनाईला सरकारी तिजोरीतून खर्च लागत नाही, म्हणून ती फुकट वाटते. वस्तुतः तो एक कर असतो. अंदाजपत्रकात न दिसणारा आणि सर्वांत दुबळ्याकडून वसूल होणारा.

यावर उपाय अवघड नाही. म्हाताऱ्या बैलाला जगविणे हे समाजाचे कर्तव्य असेल, तर त्याची किंमत समाजाने द्यावी. शासनाने असा बैल ठरलेल्या दराने शेतकऱ्याकडून विकत घ्यावा, किंवा गोशाळेला मिळणारे ५० रुपये त्याच्या दावणीपर्यंत पोचवावेत. आणि जो व्यवहार कायद्याने उघड ठेवला आहे, त्याला रस्त्यावर पोलिसांचे निःसंदिग्ध संरक्षण द्यावे. कायदा राबविण्याचे काम जमावाकडे सोपविलेले नाही.

शेरव्याचे पातेले कोणाच्या घरी चढावे, हा ज्याच्या त्याच्या चुलीचा प्रश्न आहे. एकाच्या पुण्याचा खर्च दुसऱ्याच्या दावणीवर आणि तिसऱ्याच्या ताटावर टाकू नये, हा मात्र सार्वजनिक न्यायाचा प्रश्न आहे.