पेशीपटल म्हणजे नुसती भिंत नव्हे

अकरावीच्या जीवशास्त्रात पेशीपटलाची आकृती असते: मेदरेणूंचे दोन थर आणि त्यांत अधूनमधून रुतलेली प्रथिनं. १९७२ साली सिंगर आणि निकोल्सन यांनी मांडलेल्या या रचनेबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती आकृती शिकवण्याच्या पद्धतीबद्दल. निरोप पोचवणं हे प्रथिनांचं काम आणि मेद म्हणजे नुसती भिंत, हा समज तिथे बसतो आणि पार एमएस्सीपर्यंत टिकतो.

खरं तर या समजाला तडा १९५३ मध्येच गेला होता. मेबल आणि लोवेल होकिन या दांपत्याने कबुतराच्या स्वादुपिंडाचे पातळ काप किरणोत्सारी फॉस्फरसच्या द्रावणात ठेवले आणि त्यांवर असिटिलकोलीन हे निरोप नेणारं रसायन सोडलं. काप पाचक विकरं सोडू लागले; त्याच वेळी तो फॉस्फरस भराभर पटलातल्या फॉस्फोलिपिडांत शिरला. म्हणजे बाहेरून निरोप येताच मेद मोडत होते आणि पुन्हा घडत होते. कशासाठी, हे उलगडायला तीस वर्षं गेली.

पटलाच्या आतल्या थरात पीआयपी-२ नावाचा मेद असतो, अगदी थोडा. असिटिलकोलीन आपल्या ग्राहीला चिकटलं की फॉस्फोलायपेज-सी हे विकर पीआयपी-२चे दोन तुकडे करतं. आयपी-३ हा तुकडा पेशीत आत जाऊन साठ्यातलं कॅल्शियम मोकळं करतो. स्ट्रेब, अर्विन, बेरिज आणि शुल्झ यांनी १९८३ मध्ये हे दाखवलं, तेही स्वादुपिंडाच्याच पेशींत! दुसरा तुकडा पटलातच राहतो आणि प्रोटीन कायनेज-सीला कामाला लावतो. ते निशिझुकांनी शोधलं.

याच पीआयपी-२ला आणखी एक फॉस्फेट जोडलं की पीआयपी-३ होतो आणि पेशीला वाढण्याचा इशारा मिळतो. ते फॉस्फेट काढून घेणारं पीटेन हे विकर निकामी झालं, तर इशारा थांबत नाही. कितीतरी कर्करोगांत नेमकं हेच घडलेलं आढळतं. एवढं सगळं ज्याच्यावर बेतलेलं आहे, त्या रेणूला पुस्तकात एक ओळही मिळू नये, हे मला पटत नाही. जनुकात प्रथिनाचा आराखडा थेट सापडतो, मेदाचा सापडत नाही, म्हणून संशोधनातही मेद मागे पडले असं मला वाटतं.

निदान आकृतीतले दोन थर वेगळ्या रंगांत तरी छापा. फॉस्फॅटिडिलसेरिन हा मेद आतल्या थरातच राहावा म्हणून जिवंत पेशी एटीपी खर्च करत असते. ती मरणपंथाला लागली की तो बाहेरच्या थरात येतो आणि त्या खुणेवरून भक्षकपेशी तिला गिळून टाकतात.