नवा वकील आणि जुने तारण

मुरुडचा मुलगा सनद घेतो आणि लातूरच्या कोर्टात ज्येष्ठांच्या फायली उचलू लागतो. नोंदणीशुल्क 750 रुपयांपुढे नेता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2024 साली ठरवले, हे बरेच झाले. पण पुढची बिनकमाईची वर्षे? माझ्या मते त्याने 2002 चा सरफेसी कायदा धरावा. बँक कोर्टात न जाता तारण ताब्यात घेते, ती याच कायद्याने. शेतजमीन त्यातून वगळलेली आहे. पण सातबारा शेतीचा आणि उभे आडतीचे गोदाम, तिथे वाद पेटतो. बँकेत असताना मी पाहिले, 60 दिवसांची नोटीस आली की कर्जदार आधी पुढाऱ्याकडे धावतो. ताब्याच्या कारवाईनंतर संभाजीनगरच्या कर्जवसुली न्यायाधिकरणात जायला 45 दिवसच मिळतात. बँकेचा वकील तयारच असतो. कर्जदार मात्र शेवटच्या आठवड्यात वकील शोधत फिरतो.