बेचाळीस वेळा ‘नाही’



ममी बघायला इजिप्तला जावं लागत नाही. हैदराबादच्या बाग-ए-आममधल्या राज्य संग्रहालयात एक आहे. सहाव्या निजामाचे जावई नझीर नवाझ जंग यांनी १९२० च्या सुमारास ती विकत आणली, आणि सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्याकडून १९३० मध्ये ती संग्रहालयाला मिळाली. आपलं घनसावंगी तेव्हा त्यांच्याच राज्यात होतं, म्हणजे एका अर्थी ती आपल्याच सरकारची ममी! दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीच्या एका तरुण मुलीचा तो देह आहे.

ममीचा विषय निघाला की आपल्या बायका लगेच म्हणतात, “बाई, केवढा हा देहाचा मोह!” आपल्याकडे आयुष्य कर्म संपलं की जीव पुढच्या गतीला जातो, त्याला फार तर चार समय लागतात, डोळ्याची पापणी लवायच्याही आत. मागे राहिलेल्या देहाला काय जपायचं? म्हणणं बरोबर आहे. पण एवढ्यावर त्या लोकांना वेड्यात काढणं मला पटत नाही. त्यांची खरी चूक दुसरीकडे आहे, आणि तीच चूक आपणही करतो.

आधी त्यांची बाजू बघा. देह तयार करायला सत्तर दिवस लागत. मेंदू नाकातून काढून टाकत. यकृत, फुप्फुसं, जठर, आतडी चार वेगळ्या बरण्यांत ठेवत. हृदय मात्र जागच्या जागी ठेवायचं. कारण माणसाची बरीवाईट सगळी करणी हृदयात साठते, असं ते मानत. मेल्यावर त्या हृदयाचं वजन व्हायचं. एका पारड्यात हृदय, दुसऱ्यात सत्याची देवी मात हिचं पीस. कोल्ह्याच्या तोंडाचा देव अनुबिस तराजू बघणार, थोथ लिहून घेणार. हृदय जड भरलं तर ते खाऊन टाकायला अम्मित शेजारी बसलेलीच: तोंड मगरीचं, पुढचं अंग सिंहाचं, मागचं पाणघोड्याचं. जन्मभर दुकानातला तराजू बघितलेल्या आपल्या घरांना हे समजावून सांगायला नको.

त्या दरबारात मेलेल्या माणसाने बेचाळीस देवांपुढे बेचाळीस वेळा ‘मी हे केलं नाही’ असं म्हणायचं असे. चोरी केली नाही, मारलं नाही, मापात खोट केली नाही, कुणाला रडवलं नाही. तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वी दुसऱ्याचे अश्रू हिशेबात धरणारे लोक होते, याचं मला कौतुकच वाटतं.

पण पुढे बघा. हे सगळं ज्या पोथीत लिहिलेलं असे, ती श्रीमंत लोक मागवून घेत. कितीतरी पोथ्या आधीच लिहून तयार असत, फक्त नावाची जागा कोरी. विकत घेतली की त्यात आपलं नाव भरायचं. शिवाय छातीवर दगडी भुंगा ठेवत, त्यावर मंत्र कोरलेला: हे हृदया, माझ्याविरुद्ध साक्ष देऊ नकोस! मी बी.कॉम. केलं तेव्हा ऑडिट हा विषय होता. ज्याच्याजवळ खरी वही आहे त्यालाच साक्षीला उभं करायचं आणि त्याचंच तोंड दाबायचं, याला काही हिशेब तपासणं म्हणत नाहीत.

आणखी एक गंमत. परलोकात शेतीचं काम करावं लागलं तर आपल्याऐवजी राबायला ते छोट्या बाहुल्या सोबत पुरत. त्यांना उशाब्ती म्हणतात. १९२२ साली सापडलेल्या तुतनखामुनच्या थडग्यात अशा ४१३ निघाल्या. मेल्यावरसुद्धा काम दुसऱ्यानेच करायचं!

आता आपल्याकडे या. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात सल्लेखनेची रीत सांगितली आहे. आधी स्नेह आणि वैर दोन्ही सोडायचं. घरच्यांची आणि नोकरचाकरांची क्षमा मागायची, त्यांना क्षमा करायची. मग आपल्या पापांची आलोचना करायची, कृत, कारित आणि अनुमोदित. म्हणजे स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवून घेतलेलं आणि दुसऱ्याने केलेल्याला मान डोलावलेलं, सगळं. बाहुल्यांवर ढकलायला इथे जागाच नाही. तिथे बेचाळीस वेळा ‘नाही’, इथे एकदाच, पण खरं ‘हो’.

१९५५ साली आचार्य शांतिसागर महाराजांनी कुंथलगिरीवर सल्लेखना घेतली. छत्तीस दिवसांनी, १८ सप्टेंबरला, त्यांची समाधी झाली. माझ्या सासूबाई नव्या सून असताना तिथे दर्शनाला गेल्या होत्या. त्या स्वतः थकल्या तेव्हा त्यांनी आधी आम्हा सुनांना नाही, भांडी घासायला येणाऱ्या मावशींना जवळ बसवलं. “थंडीत पहाटे बोलावत होते तुला, बाई. मला क्षमा कर,” म्हणाल्या. मावशी रडल्या. ते ‘कारित’ होतं. ग्रंथातला शब्द मला त्या दिवशी कळला.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. पर्युषण संपलं की क्षमावणीला आपण काय करतो? फुलांचं चित्र, खाली ‘उत्तम क्षमा’, आणि एका बोटाने दोनशे जणांना. ती कोऱ्या जागेची पोथीच की! ज्या जावेशी आठ वर्षं बोलणं नाही तिलाही तेच चित्र, आणि ज्याची आपल्याला ओळखही नाही त्यालाही तेच. अशाने पारडं हलकं होत नाही.

चित्रं पाठवू नका असं मी म्हणत नाही. पण यंदा एक तरी क्षमा नाव घेऊन, नेमकी गोष्ट सांगून मागा. समोर जाऊन, नाहीतर फोनवर. शक्यतो अशा माणसाची, ज्याला आपल्यापुढे तोंड उघडता येत नाही. आणि हे धडधाकट असताना करा. शेवटी जीभ साथ देईल याची हमी इजिप्तच्या राजांनाही नव्हती.