मोंढ्यातला भाव आणि मनातला भाव

‘भावनिक बुद्धिमत्ता’ हा शब्द आता देवणीसारख्या सीमेवरच्या तालुक्याच्या गावीही रुळला आहे. व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांच्या पत्रकांवर तो असतो, बी.एड.च्या टिपणांत असतो. केंद्रीय लोकसेवा आयोगाने २०१३ पासून मुख्य परीक्षेच्या नीतिशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेत त्याला स्थान दिल्यापासून स्पर्धा परीक्षांचे विद्यार्थी तर त्याची व्याख्या घडाघडा म्हणून दाखवितात. शब्द पाठ झाला. त्याचा संसाराशी संबंध काय, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. सदा हसतमुख राहणे, राग गिळणे आणि समोरच्याला रुचेल तेच बोलणे म्हणजे भावनिक बुद्धिमत्ता, अशी बहुतेकांची समजूत आहे. ती खरी मानली, तर बाजारातील प्रत्येक मुरलेल्या दलालापाशी ती भरपूर आहे असे म्हणावे लागेल.

पीटर सालोव्हे व जॉन मेयर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये ही संकल्पना मांडली तेव्हा त्यांचा दावा माफक होता. आपल्या व इतरांच्या मनात कोणती भावना उठली आहे हे ओळखणे, एक भावना दुसरीपासून वेगळी करणे आणि त्या ज्ञानाचा विचारात व वागण्यात उपयोग करणे, एवढेच त्यांना अभिप्रेत होते. १९९५ मध्ये डॅनियल गोलमन यांचे पुस्तक आले आणि ही कल्पना जगभर गेली. आयुष्यातील यशात बुद्ध्यंकाचा वाटा फार तर वीस टक्के, असे त्यांनी लिहिले; वाचकांनी उरलेले ऐंशी टक्के परस्पर भावनिक बुद्धिमत्तेच्या खात्यावर जमा करून टाकले. त्या ऐंशीत घरची शेती, बापाची पत, जात, आजारपण, पाऊस आणि नशीब हे सारे येते, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही सांगता यावे. शिबिरांचे व्याख्याते ते सांगत नाहीत.

वस्तुतः मनाशी बोलणे मराठी माणसाला नवे नाही. समर्थांनी दोनशे पाच श्लोक मनालाच उद्देशून लिहिले. तुकोबांचा मनाशी चाललेला झगडा तर घरोघरी परिचित आहे. तेव्हा ही कल्पना परकी म्हणून दूर सारण्याचे कारण नाही आणि नवी म्हणून डोक्यावर घेण्याचेही नाही. प्रश्न एवढाच की, रोजच्या व्यवहारात तिचे काम कोठे पडते?

आमच्या शास्त्राने हा प्रश्न फार काळ टाळला. ‘राष्ट्रांची संपत्ती’ लिहिण्याच्या सतरा वर्षे आधी, १७५९ मध्ये, ॲडम स्मिथने मानवी भावनांवर एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला होता, पण पाठ्यपुस्तकांनी नफातोट्याचा बिनचूक हिशेब करणारा कोरडा माणूसच तेवढा उचलला. डॅनियल काहनेमान व अमॉस त्वर्स्की यांनी १९७९ मध्ये दाखवून दिले की, माणूस लाभहानी मोजतो ती मनात धरलेल्या एखाद्या आकड्यापासून, आणि तेवढ्याच रकमेच्या लाभाच्या आनंदापेक्षा हानीचे दुःख त्याला कितीतरी अधिक बोचते. काहनेमान यांना २००२ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचे म्हणणे पडताळून पाहण्यास देवणीकरांना लांब जावे लागत नाही. उदगीरचा किंवा लातूरचा मोंढा पुरेसा आहे.

२०२१ च्या ऑगस्टमध्ये सोयाबीनचा भाव क्विंटलला दहा हजार रुपयांच्या घरात गेला. तो भाव हाती पडला तो थोड्यांच्या. बहुतेकांच्या घरात तेव्हा माल शिल्लकच नव्हता. नवे पीक आले तोवर भाव पाच हजारांच्या आसपास उतरला होता. ज्यांना शक्य होते त्यांनी माल ठेवला, आणि २०२२ च्या वसंतात सात हजारांच्या पुढे भाव मिळाल्याने थांबणाऱ्यांचा निर्णय बरोबर ठरला. थांबणे हा मूर्खपणा नव्हता, हे येथे स्पष्ट म्हटले पाहिजे. पण कित्येकांनी सात हजारांनाही माल काढला नाही, कारण मनात दहा हजारांचा आकडा ठाण मांडून बसला होता. पुढे भाव उतरतच गेला. २०२४ च्या हंगामात तर ४,८९२ रुपयांचा हमीभावही खुल्या बाजारात मिळेना.

या थांबण्याची किंमत मांडून पाहू. समजा, घरात वीस क्विंटल माल आहे. सात हजारांनी त्याचे एक लाख चाळीस हजार झाले असते. पुढे पाच हजारांनी विकल्यावर एक लाख आले. घट चाळीस हजारांची. त्याच वेळी डोक्यावर सावकाराचे एक लाख असतील आणि व्याज शेकडा तीन रुपये महिना असेल, तर वर्षाचे छत्तीस हजार त्यात मिळवा. शहात्तर हजार रुपये गेले. माल वाळून वजनात आलेली तूट मी धरलेलीच नाही.

हे पैसे कोणत्या भावनेने खाल्ले? लोक सहज म्हणतात, लोभाने. मला तसे वाटत नाही. लोभी माणूस सात हजारांना हसत विकतो. येथे काम करीत होती ती लाज. अमक्याने दहा हजारांनी विकले आणि आपण सातने विकले, हे पारावर ऐकावे लागेल, ही ती लाज; तिने आशेचे कपडे घातले होते एवढेच. आशा आहे असे समजून माणूस थांबतो. लाज आहे असे त्याला वेळीच कळले असते, तर त्याने निदान अर्धा माल तरी काढला असता. सालोव्हे-मेयर ज्याला भावना वेगळ्या करणे म्हणतात ते हेच, आणि ते शिबिरातील टाळ्यांच्या कडकडाटात शिकता येत नाही. (सोयाबीन काढण्यापासून वाळविण्यापर्यंत राबणाऱ्या घरच्या बाईला विक्रीचे क्वचितच विचारले जाते. तिला पारावर बसायचे नसते. त्यामुळे तिचा सल्ला पुष्कळदा अधिक शहाणपणाचा असतो.)

या बाबतीत महाराष्ट्राचे भाग्य असे की, अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ मानसोपचाराची पद्धती कि. मो. फडके यांनी मराठी वाचकापर्यंत आणली. एलिस यांनी ती १९५५ च्या सुमारास मांडली. घटना आपल्याला थेट अस्वस्थ करीत नाही. घटनेविषयी आपण मनात धरलेला हट्टाचा समज अस्वस्थ करतो, असे तिचे सूत्र. मराठीत तर तो हट्ट एका अक्षरात मावतो, आणि ते अक्षर म्हणजे ‘च’. ‘चांगला भाव मिळाला पाहिजे’ ही रास्त इच्छा आहे. ‘दहा हजार मिळालेच पाहिजेत, नाहीतर मी नादान’ हा स्वतःवर काढलेला हुकूम आहे. दिवसभरात आपल्या तोंडून, आणि त्याहून अधिक मनात, हा ‘च’ किती वेळा निघतो याची नोंद शिक्षकांनी व कारकून मंडळींनी आठवडाभर ठेवून पाहावी. साहेबांनी विचारायलाच हवे होते. पोराने ऐकलेच पाहिजे. सुनेने उठलेच पाहिजे.

लातूरच्या शिकवणी वर्गांकडे जाणाऱ्या आमच्या मुलांच्या बाबतीत हा ‘च’ आईबापांकडून हुंड्यासारखा बरोबर दिला जातो. डॉक्टर झालाच पाहिजे. परीक्षेत अपयश आले की मुलगा गुण मोजत नाही, बापाचा चेहरा मोजतो. वर्ष पुन्हा घालवावे की दुसऱ्या शाखेकडे वळावे, हा खरे तर शांतपणे करण्याचा हिशेब. पण तो निकालाच्या संध्याकाळी, सर्वांत वाईट मनःस्थितीत केला जातो. लाज माणसाला एकटे पाडते, हा तिचा सर्वांत घातक गुण. अशा वेळी बोलायला कोणीच नसेल, तर ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली शासनाची ‘टेली मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. हा क्रमांक प्रत्येक वर्गाच्या फळ्याशेजारी लिहिलेला असावा.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. भाव पडला तो केवळ शेतकऱ्याच्या मनात नव्हे. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्र सरकारने बारा लाख टन सोयापेंड आयात करण्यास परवानगी दिली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात सोयाबीनच्या वायदे व्यवहारांवर बंदी आली. त्याविषयीचा राग हा मनाचा दोष नाही, ती माहिती आहे. तो कोणावर व कशासाठी आहे हे त्या रागाला ठाऊक आहे. असा राग ‘सकारात्मक विचारा’च्या नावाखाली गिळायला सांगणे म्हणजे अन्यायाची वसुली अन्याय झालेल्याकडूनच करणे होय. आर्ली हॉकशील्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ मध्ये विमानातील सेविकांचा अभ्यास करून दाखविले की, हसू हेही मालकाला विकावे लागणारे श्रम असतात. खिडकीमागे बसून रोज शंभर माणसांचे बोल ऐकणाऱ्या कारकुनाला ते पुस्तक न वाचताही समजते. त्याला गोड बोलण्याचे प्रशिक्षण देण्याआधी दुसरी खिडकी उघडली, तर त्याचीही भावनिक बुद्धिमत्ता वाढेल आणि रांगेतल्यांचीही.

किंबहुना भावना व कृती यांच्यामध्ये थोडी उसंत मिळणे, हेच या साऱ्याचे मर्म असेल, तर ती उसंत फुकट मिळत नाही. उद्या सावकार दारात येणार असेल, तर मनाला कितीही समजावले तरी माल आजच जातो. राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना बाजार समित्यांमार्फत १९९० पासून चालते. गोदामात ठेवलेल्या सोयाबीनच्या किमतीच्या पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत कर्ज, व्याज सालाना सहा टक्के, मुदत १८० दिवस. शेकडा तीन महिना म्हणजे सालाचे छत्तीस. त्या तुलनेत हा सहावा हिस्सा झाला. मला या योजनेत व्याजाहूनही मुदत मोलाची वाटते. घरात पडलेल्या पोत्यांना मुदत नसते, म्हणून लाजेलाही नसते. येथे मात्र निर्णयाची तारीख मन शांत असतानाच कागदावर येते.

तशी तारीख घरीही लिहिता येते. पेरणी झाली की नवराबायकोने बसून, कोणत्या भावाला अर्धा माल काढायचा आणि उरलेला फार तर कोणत्या महिन्यापर्यंत ठेवायचा, हे वहीत मांडावे. मुलाला शिकवणीला पाठविताना किती वेळा परीक्षा द्यायची हे त्याच्याशी बोलून, प्रवेशाचे पैसे भरण्यापूर्वीच ठरवावे, आणि निकालाच्या संध्याकाळी ती वही काढावी.